एका सॉकेटचा हक्क : कोनोसुके मात्सुशिता

भिंतीत चिणलेला विजेचा डबा, त्यात शिरणारी कंड्युटची नळी, त्या नळीला डब्याशी जखडणारा जोड, छताला टांगलेला होल्डर आणि त्यात बसणारी पिन या साऱ्या वस्तू वायरमनच्या पिशवीतल्या. घरमालकाला त्यांची आठवण होते ती बिल चुकते करताना. मात्र यातला एखादा जोड स्क्रू न आवळता नुसता दाबून बसवता आला आणि हवा तेव्हा सोडवता आला, तर त्याला शोध म्हणायचे की कारागिराचे रोजचे कसब, या प्रश्नाने पेटंट कचेऱ्या आणि न्यायालये दीर्घकाळ हैराण झाली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८५१ मध्ये दाराच्या मुठीचा वाद आला होता. धातू वा लाकडाऐवजी चिनी मातीची मूठ बसवणे हा शोध नव्हे, ते कुशल कारागिराचे काम आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. त्यानंतर एकशेसाठ वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच देशातील दोन कंपन्या विजेच्या डब्यावर दाबून बसवायच्या जोडाच्या पेटंटवरून अपिली न्यायालयात भांडत होत्या. तेथे कीस पडला तो जोडाच्या स्प्रिंगच्या कड्याला चीर असलीच पाहिजे का, यावर!

हे सारे वकिलांचे खाद्य, असे म्हणून वाचकाने पान उलटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु अशाच एका क्षुल्लक वस्तूवरून ओसाका शहरातील एका बावीस वर्षांच्या वायरमनने १९१७ मध्ये पक्की नोकरी सोडली होती. त्याचे नाव कोनोसुके मात्सुशिता. ‘नॅशनल’ आणि ‘पॅनासॉनिक’ या नावांनी भारतीय घरांत शिरलेल्या उद्योगाचा हा संस्थापक. त्यांच्या व्यवस्थापनशैलीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण छोट्या सुधारणेवर हक्क सांगता येतो का, आणि तो मिळाला तरी त्याने काय साधते, या दृष्टीने त्यांचे आयुष्य क्वचितच पाहिले जाते.

मात्सुशिता यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८९४ रोजी वाकायामा प्रांतातील वासा या खेड्यात झाला. आठ भावंडांतील हे शेंडेफळ. घर शेतीभातीने सुखी होते. पण वडिलांनी तांदळाच्या सट्ट्यात सारे गमावले आणि कुटुंब शहरात आले. तेथे लाकडी खडावांचे दुकान काढले, तेही बुडाले. दहावे वर्ष चालू असताना, १९०४ च्या नोव्हेंबरात, चौथीची शाळा अर्धवट टाकून कोनोसुकेला ओसाकाला धाडण्यात आले. आधी शेगड्यांच्या दुकानात आणि ते बंद झाल्यावर सायकलींच्या दुकानात तो उमेदवारी करू लागला. त्या काळी सायकली परदेशातून येत आणि त्यांची दुरुस्ती म्हणजे छोटी लोहारकीच असे. लेथ चालवण्याचा, धातू घासून नेमक्या मापाला आणण्याचा हात तेथे बसला. पेटंटच्या भाषेत ज्याला ‘त्या विद्येतील कुशल माणूस’ म्हणतात, तो असाच घडतो.

ओसाकाच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावू लागली होती. सायकलींचे दिवस संपणार आणि विजेचे येणार, असे त्या पोराच्या मनाने घेतले. मालक प्रेमळ होता, त्यामुळे नोकरी सोडतो हे तोंडाने सांगवेना. शेवटी आई आजारी असल्याची खोटी तार स्वतःच्याच नावे करवून तो बाहेर पडला. मधले काही महिने सिमेंटच्या कारखान्यात अंगमेहनत करून १९१० मध्ये ओसाका इलेक्ट्रिक लाइट कंपनीत वायरिंगचा मदतनीस म्हणून तो चिकटला. तेव्हा वय होते पंधरा.

या कंपनीत मात्सुशिता सात वर्षे होते. घरोघरी, नाट्यगृहांत, कारखान्यांत तारा ओढणे, दिवे बसवणे हे काम. हाताखालच्या माणसाचा कामावरचा प्रमुख व्हायला त्यांना अवघे तीन महिने लागले. रात्रशाळेत विजेचे शास्त्र शिकायचाही त्यांनी प्रयत्न केला. पण फळ्यावरचे भराभर उतरवून घेण्याइतके लिहिता येत नसल्याने तो अभ्यासक्रम सोडावा लागला. पेटंटचा अर्ज म्हणजे मुळात लेखन. वस्तूचे वर्णन शब्दांत नेमके बांधावे लागते, एक शब्द कमीजास्त झाला की हक्क निसटतो. वर्गातल्या टिपणांनी ज्याला हरवले, त्याच माणसाने पुढे असा अर्ज केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हाच्या जपानी घरात भिंतीवर प्लगची सोय जवळजवळ नसेच. छतातून लोंबणारी एक तार, तिच्या टोकाला पेच असलेले सॉकेट आणि त्यात फिरवून बसवलेला दिवा, एवढाच विजेचा संसार. बहुतेक घरांत आकारणी दिव्यागणिक ठरलेली असल्याने एकाहून अधिक सॉकेट घेणे परवडत नसे. इस्त्री चालवायची तर दिवा काढून त्याच सॉकेटमध्ये जोड बसवायचा आणि तेवढा वेळ अंधारात राहायचे. आपल्याकडे चाळींतून दिव्याच्या होल्डरला दुतोंडी जोड लावून इस्त्री आणि रेडिओ चालवल्याचे अनेक जुन्या वाचकांना आठवत असेल. चित्र बरेचसे तेच. म्हणजे त्या एका जोडावर घराचा सारा विजेचा व्यवहार अवलंबून होता. तो सैल असला, तापला, मोडला की त्रास ठरलेला. रोज दहा घरे पाहणाऱ्या वायरमनला हे ग्रंथ न वाचता कळते.

मात्सुशिता यांनी फावल्या वेळात सुधारलेले सॉकेट तयार केले आणि १९१६ मध्ये त्यासाठी सरकारकडे अर्ज केला. तो पेटंटसाठी नव्हता. त्याहून खालच्या पायरीच्या हक्कासाठी होता. जपानीत त्याला ‘जित्सुयो शिनान’ म्हणतात. इंग्रजी कायद्यांतले त्याचे नाव युटिलिटी मॉडेल. मराठीत ‘उपयुक्तता नमुना’ म्हणू.

ही खालची पायरी जपानने का बांधली, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. १८८५ मध्ये त्या देशात पेटंट कायदा आला. त्यामागचे सूत्रधार ताकाहाशी कोरेकियो हे पुढे अर्थमंत्री आणि पंतप्रधानही झाले. १८९९ मध्ये जपान पॅरिस करारात सामील झाला आणि परदेशी लोकांना तेथे पेटंट घेण्याची वाट मोकळी झाली. मोठे शोध युरोप-अमेरिकेतून येत आणि देशी कारखानदार त्यांत आपल्या सोयीने बारीकसारीक बदल करत. कुठे दांडा बदलला, कुठे खाच पाडली, कुठे दोन भाग एकत्र आणले. पेटंटच्या कसोटीवर हे बदल टिकत नसत. तेव्हा जर्मनीच्या १८९१ च्या कायद्याचा नमुना पुढे ठेवून १९०५ मध्ये जपानने स्वतंत्र कायदा केला. वस्तूचा आकार, रचना किंवा जुळणी यांत नवी आणि उपयोगी सुधारणा असेल तर तिला मर्यादित काळाचा हक्क मिळू लागला. शोध महान असण्याची अट नव्हती.

माझ्या मते, कायद्याने कारागिराला दिलेला हा मानच होता. ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, पदवी नाही, त्याच्या सुधारणेकडे पाहण्यासाठी सरकारने एक खिडकी उघडली होती. त्या खिडकीतून मात्सुशिता यांना आपल्या सॉकेटचा हक्क मिळाला.

कचेरीने नमुना मान्य केला, साहेबाने मात्र केला नाही. मात्सुशिता यांनी ते सॉकेट मोठ्या उमेदीने आपल्या वरिष्ठाला दाखवले आणि त्याने ते उपयोगाचे नाही म्हणून बाजूला सारले. ते नुकतेच निरीक्षक झाले होते. इतक्या तरुण वयात हे पद म्हणजे नशीबच. दिवसाला पंधरा-वीस घरांची तपासणी दुपारपर्यंत उरकायची की बाकी वेळ मोकळा. पण त्या मोकळेपणाचाच त्यांना उबग आला असावा. शिवाय फुप्फुसाच्या विकाराने प्रकृती तोळामासा झाली होती आणि रोजंदारीत आजारपण म्हणजे उपासमार. घरातली माणसे एकामागून एक जात होती. सत्ताविशी गाठण्यापूर्वीच आईवडील आणि सातही भावंडे त्यांनी गमावली. जून १९१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

हातात शंभर येनही नव्हते. ओसाकाच्या इकाइनो भागात साडेचार आणि दोन चटयांच्या दोन खोल्या भाड्याने होत्या. मुंबईच्या चाळीतल्या बिऱ्हाडाहून लहानच. त्यांतल्या मोठ्या खोलीच्या अर्ध्या भागात कारखाना थाटला गेला. कामाला पत्नी मुमेनो, तिचा चौदा वर्षांचा भाऊ तोशिओ इउए आणि कंपनीतले दोन जुने सहकारी. सॉकेटचा आकार डोक्यात स्पष्ट होता. पण त्याचे अंग ज्या विद्युतरोधक लगद्याचे करायचे, तो कशाचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते! त्यात डांबर, ॲस्बेस्टॉस आणि दगडाची भुकटी असते, इतपत अंदाज होता. प्रमाण हे प्रत्येक कारखान्याचे गुपित. कारखान्याबाहेर पडलेले लगद्याचे तुकडे गोळा करून त्यांनी ते अभ्यासले, आणि अखेर एका जुन्या सहकाऱ्याने युक्ती सांगितली तेव्हा कुठे मिश्रण जमले.

इथे पेटंटच्या कागदाची मर्यादा उघडी पडते. कचेरीकडे नोंदलेला हक्क वस्तूच्या रचनेचा होता. ती वस्तू बनवायची विद्या त्या हक्कात नव्हती. ती दुसऱ्याच्या कोठीत कुलूपबंद होती.

ऑक्टोबरमध्ये सॉकेटे तयार झाली. ओसाकातली दुकाने पालथी घालून सुमारे शंभर नग विकले गेले, दहा येन हाती आले. दुकानदारांनी सॉकेट नाकारले ते साहेबाइतक्या स्पष्टपणे नव्हे. घेतलेच नाही, एवढेच. दोघे सहकारी पोटासाठी दुसरीकडे गेले, त्यात गैर काही नव्हते. मुमेनो यांचे किमोनो गहाण पडले. सरकारदरबारी हक्काची नोंद होती आणि घरात भाताची भ्रांत होती.

तारले ते वेगळ्याच वस्तूने. डिसेंबर १९१७ मध्ये कावाकिता इलेक्ट्रिक या पंख्याच्या कंपनीला विद्युतरोधक तबकड्या हव्या होत्या. चिनी मातीच्या तबकड्या फुटत. लगद्याच्या चालतील का, हे त्यांना पाहायचे होते. एक हजार नगांची मागणी, वर्षअखेरची मुदत. मात्सुशिता आणि त्यांचा मेहुणा दिवसरात्र साचे दाबत बसले. १६० येन मिळाले आणि खर्च वजा जाता ८० येन उरले. या तबकड्यांत त्यांचा स्वतःचा असा कोणताही शोध नव्हता. आकार गिऱ्हाइकाचा होता. उपयोगी पडला तो सॉकेटच्या पायी शिकलेला लगदा.

त्या भांडवलावर ७ मार्च १९१८ रोजी ओसाकाच्या ओहिराकी भागात ‘मात्सुशिता विद्युत उपकरण कारखाना’ सुरू झाला. पहिला माल होता सॉकेटमध्ये फिरवून बसवायचा जोडप्लग. तशा वस्तू बाजारात होत्याच. मात्सुशिता यांनी जुन्या, जळालेल्या दिव्यांची पितळी टोपणे विकत घेऊन ती या प्लगला वापरली. नवा पेच पाडण्याचा खर्च वाचला आणि प्लग इतरांपेक्षा सुमारे तीस टक्के स्वस्त पडला. तो खपला. भंगारातले टोपण वापरण्याची ही शक्कल पेटंटच्या तपासनिसापुढे कितपत टिकली असती, कोण जाणे. दाराच्या मुठीचा निकाल त्याने पुढे केलाच असता.

पाठोपाठ आले दुतोंडी सॉकेट. एका तोंडात दिवा, दुसऱ्यात उपकरण. इस्त्रीसाठी अंधारात बसायला नको. अशी सॉकेटे टोकियो-क्योटोत मिळत होती, मात्सुशिता यांनी त्यांत सुधारणा केली. ओसाकातील योशिदा या घाऊक व्यापाऱ्याने एकमेव विक्रीचा हक्क मागितला, तेव्हा त्यांनी तीन हजार येन अनामत घेऊन कारखाना वाढवला. मग टोकियोच्या उत्पादकांनी भाव पाडले. योशिदा घाबरला, करार मोडला. नमुन्याचा हक्क, एकमेव विक्रेत्याचा हक्क, दोन्ही भावाच्या लढाईत निरुपयोगी ठरले. मात्सुशिता स्वतः ओसाकातल्या आणि मग टोकियोतल्या दुकानांच्या पायऱ्या चढू लागले.

याच काळातला त्यांचा एक निर्णय सहव्यावसायिकांना वेडेपणाचा वाटला. लगद्याचे प्रमाण इतर कारखान्यांत फक्त मालकाच्या नात्यातल्यांना ठाऊक असे. मात्सुशिता यांनी ते नव्याने कामाला लागलेल्या माणसालाही सांगायला सुरुवात केली. गुपित सांभाळण्यासाठी जी जपणूक आणि संशय लागतो, तो त्यांना अधिक महाग वाटत असे. ज्यांनी हे गुपित कचऱ्यातून वेचले होते, त्यांना ते उघडे करण्यात काही विशेष वाटले नसावे.

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. १९२३ मध्ये त्यांनी सायकलीसाठी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा बॅटरीचा दिवा काढला. बाजारातले दिवे दोन-तीन तासांत विझत. हा तीस ते चाळीस तास जळे. दुकानदार विश्वास ठेवीनात, तेव्हा दिवे पेटवूनच दुकानांत ठेवून दिले. खात्री पटली तर पैसे द्या. १९२७ मध्ये ‘नॅशनल’ या नावाखाली चौकोनी दिवा आला आणि त्याचे दहा हजार नग फुकट वाटले गेले. १९२९ च्या मंदीत माल गोदामात साचला. कारखाना अर्धा दिवस चालवायचा, पगार पूर्ण द्यायचा, कोणालाही काढायचे नाही आणि सर्वांनी मिळून माल खपवायचा, असे त्यांनी ठरवले. काही महिन्यांत साठा संपला. या कथा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत इतक्या वेळा आल्या आहेत की येथे त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही.

मात्र १९३२ च्या ऑक्टोबरमधील एक घटना रेंगाळण्याजोगी आहे. मात्सुशिता यांच्या कारखान्याने आदल्याच वर्षी रेडिओच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला होता. परंतु रेडिओच्या काही महत्त्वाच्या भागांची पेटंटे एका संशोधकाकडे होती आणि त्यांमुळे सगळ्याच उत्पादकांचे हात बांधले गेले होते. नवी रचना केली की त्या पेटंटला धक्का लागे. ही पेटंटे खरी, वरच्या पायरीची होती. सॉकेटसारखा नमुना नव्हता. मात्सुशिता यांनी ती मोठी रक्कम मोजून विकत घेतली. आता प्रतिस्पर्ध्यांचा गळा त्यांच्या हातात होता. त्यांनी ती सर्व उत्पादकांना विनामोबदला वापरायला खुली केली.

यात उदारता होती, हे मान्य करूनही हिशेब नव्हता असे म्हणवत नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी कामगारांपुढे आपले ध्येय मांडले होते : घरगुती वस्तू नळाच्या पाण्याइतक्या मुबलक आणि स्वस्त व्हाव्यात. ज्याला भरपूर आणि स्वस्त माल विकायचा आहे, त्याला बाजार मोठा हवा असतो, आणि अडलेला उद्योग बाजार वाढू देत नाही. तरीही, शंभर सॉकेटे विकून दहा येन कमावलेल्या माणसाला कागदी हक्काची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही ठाऊक होत्या, हे या निर्णयात दिसते.

पेटंटे आणि विद्या यांना किंमत नसते, असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. युद्धकाळात लष्करासाठी जहाजे आणि विमाने बांधण्याच्या पायी कंपनी गोत्यात आली. १९४६ मध्ये विजेत्यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी कामगार संघटनाच सह्यांचे निवेदन घेऊन गेली. ते संकट टळल्यावर १९५२ मध्ये त्यांनी हॉलंडच्या फिलिप्सशी करार केला. फिलिप्सने तंत्रज्ञानाबद्दल विक्रीच्या सात टक्के मागितले. मात्सुशिता यांनी ते साडेचार टक्क्यांवर आणले आणि उलट आपल्या व्यवस्थापनाच्या मार्गदर्शनाबद्दल तीन टक्के वसूल केले! पेटंट होऊ न शकणाऱ्या गोष्टीचाही भाव करता येतो, हे त्यांनी युरोपातल्या बलाढ्य कंपनीकडून मान्य करून घेतले. मेहुणा तोशिओ एव्हाना वेगळा झाला होता; १९४७ मध्ये त्याने सुरू केलेला उद्योग ‘सान्यो’ या नावाने पुढे जगभर पोहोचला.

मात्सुशिता १९७३ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले आणि २७ एप्रिल १९८९ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सॉकेटच्या पहिल्या नमुन्याला ज्या कायद्याने आसरा दिला तो जपानमध्ये आजही आहे. १९९४ पासून मात्र अशा नमुन्यांची नोंद तपासणीविनाच होते, त्यामुळे त्या कागदाचे वजन पूर्वीइतके राहिलेले नाही.

भारतात ही खालची पायरी आजवर बांधली गेलेली नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात एकच दार आहे आणि ज्ञात उपकरणांची नुसती जुळवाजुळव त्यातून आत जाऊ शकत नाही. मिर्झापूरच्या एका कारखान्याने पितळी भांडी लेथवर घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट घेतले होते. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखान्यातली साधी सुधारणा म्हणून रद्द ठरवले. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण तशी सुधारणा करणाऱ्याने मग जायचे कोठे, हा प्रश्न तेव्हाही उरला. २०११ मध्ये केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने उपयुक्तता नमुन्यांवर चर्चापत्र काढले होते. त्याचा कायदा झाला नाही. लहान हक्कांच्या झुंबडीने छोट्या उत्पादकांनाच खटल्यांचा जाच होईल, हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तरी मुंबई-पुण्याच्या औद्योगिक वसाहतींत स्विच आणि जोड यांचे साचे पाडणारे कितीतरी कारागीर आपल्या सुधारणेची नोंद कोठेही न करता ती बाजारात सोडून देतात आणि महिन्याभरात शेजारचा तीच विकू लागतो, हेही तितकेच खरे.

मात्सुशिता यांच्या उद्योगातील प्लग-सॉकेटची शाखा युद्धानंतर मूळ कंपनीपासून वेगळी झाली आणि ‘मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्स’ म्हणून वाढली. २००७ मध्ये तिने मुंबईच्या अँकर इलेक्ट्रिकल्समधील ऐंशी टक्के हिस्सा विकत घेतला. आपल्याकडच्या असंख्य घरांच्या भिंतींवर ज्यांचे स्विच आणि प्लग बसले आहेत, ती ही कंपनी.